हॅट कमी पडते

४ मार्च, सोमवार

मशीन आलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात, थर्माकोलच्या दोन सांगाड्यांमध्ये घट्ट बसवलेलं. वाटलं होतं त्यापेक्षा हलकं.

ही वही त्याच्यासाठीच काढली आहे. ठेका मशीनच्या लक्षात राहतो, पण नॉब कुठे फिरवले होते ते राहत नाही. काल जमलेला आवाज आज परत हवा असेल तर लिहून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. नॉब घड्याळाच्या काट्यासारखे लिहायचे. आजची नोंद : किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, किती वेळ घुमते ते ठरवणारा डिकेचा नॉब, दोन वाजता. स्नेअर अकरा वाजता. हाय-हॅट, म्हणजे झांजांच्या जोडीचा बारीक आवाज, बारा वाजता.

मशीन मूळ नाही, नक्कल आहे. मूळ ड्रम मशीन बनायचं केव्हाच बंद झालं, आणि ज्यांच्याकडे आहे ते लोक ते विकत नाहीत, मृत्युपत्रात लिहितात. त्याच्या किमतीत घर येणार नाही, पण घराचं स्वयंपाकघर येईल. नक्कल मात्र निवृत्त माणसाच्या आवाक्यातली आहे. आतलं सर्किट तसंच, आवाज तारांमधूनच निघतो, प्लास्टिक तेवढं पोरकट.

मूळ मशीन मी आयुष्यात एकदा वाजवलं. आमच्या बँडने एका रेकॉर्डिंगसाठी भाड्याने आणलं होतं. मी ड्रमर, म्हणजे खरं तर मला हाकलायलाच आणलेलं, पण वाजवायला दिलं मलाच. त्याची हॅट अजून आठवते. काचेवर बारीक वाळू ओतावी तशी.

बायको पोस्टातलं काम आटोपून आली, खोक्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ड्रम विकलेत तेव्हा मला वाटलं, सुटले."

७ मार्च, गुरुवार

किकबद्दल तक्रारीला जागा नाही. टेबलावरचा ग्लास सरकत सरकत कडेला आला. टॉम, म्हणजे मधले ड्रम, चांगले. काउबेलची घंटी मूळ मशीनमध्येही वाईटच होती, ती निष्ठेने तशीच ठेवली आहे.

हॅटने निराशा केली. वाळूबिळू काही नाही, शेजारच्या खोलीत कुणी कागद चुरगळावा तसं. कंपनीने काटकसर कुठे केली ते कळलं. नॉब दोन वाजता नेला. ही आतून आली. "केवढं ते चर्र चर्र! दात आंबले माझे."

तिला माझी वाद्यं कधीच मानवली नाहीत. दार लावून घेतलं.

११ मार्च, सोमवार

मशीन घेऊन दुकानात गेलो. दुकानदार तरुण आहे, केस मागे बांधतो, आणि आजकालच्या सगळ्यांसारखा तोंडातल्या तोंडात बोलतो. शब्दच्या शब्द गिळतात ही पोरं. कारखान्यात बाटल्या भरायच्या हॉलमध्ये मी उभा जन्म काढला. तिथे पट्ट्यावरून हजारो बाटल्या एकमेकींवर आपटत जायच्या, तरी आम्ही एकमेकांचं बोलणं समजून घ्यायचो. ओठ नीट हलवले की भागतं. हा ओठच हलवत नाही.

त्याने मशीन दुकानातल्या स्पीकरला जोडलं. मी हॅटचा नॉब टोकाला नेऊन म्हटलं, "बघा, काही येतंय का?" त्याने कानांवर हात ठेवले. तक्रार आली की दुकानदार दुसरं काय करणार!

शेवटी बदलून दिलं. घरी आणून लावलं. तेच.

१४ मार्च, गुरुवार

दुसऱ्या कंपनीचं, रुपेरी रंगाचं धाकटं मशीन घेतलं. हेही एका जुन्या मशीनची नक्कलच, आणि हे मुळात हॅटसाठीच नावाजलेलं. आता दोन्ही एका केबलने जोडून ठेवली आहेत. मोठं लय धरतं, धाकटं त्याच्या मागून चालतं. सोळा बटणांच्या दोन रांगा आणि दोन्हींवरून एकाच वेळी पळणारा तांबडा दिवा. बघायला चांगलं दिसतं.

धाकट्याची हॅटही तशीच. दोन कंपन्या, खोट एकच. हिला सांगितलं तर म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." मी म्हटलं, अंगणं दोन आहेत आणि दोन्ही मोजून वाकडी आहेत.

१७ मार्च, रविवार

ठकी आली होती. आमची लेक. नाचते, नाच शिकवते, नाच बसवते. बँकेतली नोकरी सोडून आता हेच करते. त्यावर माझं मत तिने विचारलं नव्हतं, म्हणून मी दिलं नव्हतं. एरवी तिचा फोन येतो, तोही आईला.

"बाबा, ही दोन्ही तुमची?"

"हो. एक थोरलं, एक धाकटं."

"वाजवा ना काहीतरी."

वाजवलं. ती उभ्याने ऐकत होती. थोड्या वेळाने तिचा डावा खांदा आपोआप हलायला लागला. लहानपणी जेवतानाही तो असाच हलायचा.

"किक काय आहे हो!" ती म्हणाली. "हॅट मात्र टोचते."

"टोचायलाच हवी."

मग विषय काढला. जूनमध्ये तिचा कार्यक्रम आहे, पहिल्यांदाच स्वतःचा, पूर्ण संध्याकाळभर, मोठ्या थिएटरात. संगीत करणारा होता त्याला परगावी नोकरी लागली, तो गेला.

"लॅपटॉपवरचं मला नको आहे. त्यात सगळं आधीच ठरलेलं असतं. आम्ही अडखळलो तरी ते आपलं पुढे. मला कोपऱ्यात बसून, आमच्याकडे बघून हाताने वाजवणारा माणूस हवा."

"मिळेल कुणीतरी."

"बाबा."

"काय?"

"मी तुम्हालाच विचारतेय."

विचार करून कळवतो म्हटलं. ती जिन्यात असतानाच हिने दार उघडून खाली ओरडून सांगितलं, "येतायत म्हणे गं!"

२३ मार्च, शनिवार

पहिली तालीम. टायरच्या गोदामावरचा लांबट हॉल, एका भिंतीला आरसे, लाकडी फरशी. नाचणारे सात जण, आठवी ठकी. सगळ्यांत उंच मुलीला सगळे शिडी म्हणतात. तिचं काम मोठं आहे. शेवटाकडे ती धावत येऊन वाकलेल्या दोघांवरून उडी मारते आणि एका पायावर उतरते. ती उडीवर असताना हॅट पूर्ण उघडायची, म्हणजे मोकळी घुमू द्यायची, आणि ती उतरली की किक, असं मी सुचवलं. ठकीला आवडलं.

बाकी तांत्रिक : ड्रमच्या मागे बसून मी कायम गायकाची पाठ पाहिली. इथे पाय दिसतात. पाय उचलला की तो कधी पडणार ते दिसतं, आणि किक त्याच्याखाली सरकवता येते. नाचणारा जमिनीवर लोळत गेला की डिके वाढवायचा, म्हणजे जमीनच लांब झाल्यासारखी वाटते. हे मशीनशिवाय जमलं नसतं. खऱ्या ड्रमला असा नॉब नसतो.

हॅट : तीन वाजता.

३१ मार्च, रविवार

दारावरची बेल बिघडली. मेहुणे बराच वेळ बाहेर उभे होते म्हणे. नवी बेल आणून बसवली. तीही कुचकामी. ही म्हणाली, पहिली व्यवस्थित होती. तिला वस्तू टाकवत नाहीत.

फोनही बदलायला झाला आहे. लोकांचे आवाज गादीखालून आल्यासारखे येतात.

९ एप्रिल, मंगळवार

तालमीत आज एक गंमत झाली. मी ठेका धरून बसलो होतो, मान खाली, नॉबवर लक्ष. वर बघितलं तर सगळे थांबलेले, पाणी पीत उभे. ठकीने मागून थांबायला सांगितलं होतं. वाजवणारा तल्लीन झाला की असं होतं. शिडी हसली, ठकी हसली नाही. ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. त्यानंतर दिवसभर काही सांगायचं असलं की समोर येऊन उभी राहायची. नव्या माणसांसमोर बापाचा मान ठेवते, हे चांगलं आहे.

१४ एप्रिल, रविवार

मास्तरकडे गेलो. आमच्या बँडचा कीबोर्डवाला, ते रेकॉर्डिंगही याचंच. पुढे त्याने ते मूळ मशीनच विकत घेऊन ठेवलं, तेव्हा ते कुणाला नको होतं. आता ते बैठकीच्या खोलीत मखमलीच्या कापडाखाली असतं. मी मुद्दाम गेलो होतो. नक्कल आणि मूळ यांतला फरक एकदा कानांनी ठरवायचा होता.

त्याने कापड काढलं, जोडलं, लावलं. किक आली, अगदी ओळखीची. मी हॅटची वाट बघत होतो. मास्तर डोळे मिटून मान डोलवत होता.

"हॅट लाव की," मी म्हटलं.

त्याने डोळे उघडले. "लावलीय."

"मग गेली रे तुझी हॅट. आतले भाग सुकले असणार. इतकी वर्षं कापडाखाली ठेवलंस, दुसरं काय होणार?"

त्याने मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हॅटचा नॉब जरा वर केला, परत पाहिलं. मग मशीन बंद करून चहा टाकायला गेला. ओट्याकडे तोंड करून तो काहीतरी बराच वेळ बोलत होता. मी "हो, हो" म्हटलं. तो चहा घेऊन आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. जिवापाड जपलेल्या मशीनची खोट दाखवली, लागणारच. मूळ मशीनसुद्धा टिकत नाही, हे मला माझ्या नकलांसाठी बरंच वाटलं. त्याला तसं बोललो नाही.

घरी पोचेपर्यंत त्याचा हिला फोन येऊन गेला होता. कशाबद्दल विचारलं तर म्हणाली, "सहज."

२० एप्रिल, शनिवार

हिच्या कानात दडे बसतात म्हणून तिच्याबरोबर कानाच्या डॉक्टरकडे गेलो. एकटीला जायचं नव्हतं. डॉक्टर बाई आहेत, तरुण, स्पष्ट बोलतात. तपासणीत हिचे कान ठणठणीत निघाले. बाई मला म्हणाल्या, "आलाच आहात तर तुमचेही बघू या." हीसुद्धा म्हणाली, "बघून घ्या ना, बसायचंच तर आहे."

मी म्हटलं, मी ड्रमर आहे. माझे कान चाळीस वर्षं रोज तपासले जातायत.

परतताना हिने माझ्याकडे बघितलं नाही. काही निघालं नाही म्हणून ओशाळली असावी. मी तो विषय काढला नाही.

४ मे, शनिवार

नाच बसत आला आहे. शेवटचा भाग आज पहिल्यांदा सलग झाला. संपल्यावर सगळे नुसते धापा टाकत होते. ठकी आरशाला टेकून खाली बसली आणि माझ्याकडे बघून तिने एकदाच मान हलवली.

रात्री जेवताना हिला सांगावंसं वाटलं, पण काय सांगायचं? मान हलवली म्हणून?

हॅट : चार वाजता, दोन्ही मशीनवर. हॉलमध्ये आमचे स्पीकर लहान आहेत. शिडी तालमीला हल्ली कानात कापूस घालून येते. सर्दी असेल.

१८ मे, शनिवार

आज थिएटरात, मोठ्या स्पीकरवर, पहिली पूर्ण तालीम. ठकीने ओळखीची तीस-चाळीस माणसं बोलावली होती. ही दुसऱ्या रांगेत होती. मास्तरही होता. जे झालं ते झालं तसं लिहितो.

किक त्या स्पीकरवर आली तेव्हा रंगमंच हलला. साहजिकच हॅट आणखी मागे पडली. मी नॉब वर नेत गेलो. साउंडच्या माणसाने मागून हात हलवले, मी हात हलवून उत्तर दिलं. मधल्या भागात प्रेक्षकांतून काही जण उठून बाहेर गेले. मला वाटलं, निरोप आला असेल.

शेवटाला शिडी धावत आली. मी हॅट पूर्ण उघडली, दोन्ही नॉब टोकाला. ती हवेत होती आणि हवेतच तिचे दोन्ही हात कानांकडे गेले. उतरताना पाऊल आडवं पडलं. ती तशीच बाजूला कोसळली. सगळे धावले. मी किक थांबवायचं विसरलो.

ठकी माझ्या टेबलाशी आली. मी थांबवायला गेलो तर तिने माझा हात धरला आणि फक्त किकचा नॉब शून्यावर आणला.

मग ती नुसतीच उभी राहिली. मला वाटलं, तिने सगळं बंद केलं. छताच्या पंख्याची घरघर येत होती. पण दिवा पळत होता. दोन्ही मशीनवर, हॅटच्या बटणांवरून, थांबत नव्हता. मी समोर पाहिलं. जमिनीवर बसलेल्या शिडीचे हात कानांवर. तिला धरलेल्या दोघांचे खांदे कानांपर्यंत वर आलेले. हिचे हात कानांवर. मास्तरचेही.

ठकीने कान झाकले नव्हते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते आवाजाने की कशाने, माहीत नाही. तिने ओठ सावकाश हलवत विचारलं, "बाबा, तुम्हाला आत्ता काय ऐकू येतंय?"

मी म्हटलं, "पंखा."

मग तिने केबल उपटली.

१९ मे, रविवार

काही नाही.

२१ मे, मंगळवार

डॉक्टरबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला मी भराभर दाबत होतो. मग काचेपलीकडे बाईंचे हात चालूच होते आणि माझं बटण गप्प होतं.

कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे, जाड आवाजांत, रेघ बऱ्यापैकी सरळ. मग उजवीकडे, बारीक आवाजांत, जिन्यावरून कुणाला ढकलावं तशी खाली. बाटल्यांचा हॉल, झांजा, दोन्ही. गेलेलं परत येत नाही. यंत्र लावलं की बोलणं कळेल, हॅट नीट ऐकू येईल असं वचन देत नाही म्हणाल्या. बाई खरंच स्पष्ट बोलतात.

हिला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"बेल बदललीत तेव्हापासून खात्री. शंका त्याच्याही आधीची."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते हो," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू जात नव्हतं."

आम्ही दोघं हसलो. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनी वळून पाहिलं, म्हणजे मोठ्याने हसलो असणार.

२२ मे, बुधवार

ठकीकडे गेलो. म्हटलं, दुसरा कुणीतरी बघ. मशीन दोन्ही ने, वाजवायला शिकवून ठेवतो.

मला वाटलं, ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "तोच विचार चाललाय. मला राग आहे बाबा. तुमच्या कानांचा नाही. दीड महिना आई सांगत होती, त्यांना हळूहळू सांगू, आणि मी ऐकलं. त्यात शिडीचा पाय गेला."

"माझ्यामुळे गेला."

"हो," ती म्हणाली. "आपल्या सगळ्यांमुळे."

समजूत घालणारं एक वाक्य ती बोलली नाही. मला ते बरं वाटलं. वाईटही वाटलं.

२४ मे, शुक्रवार

शिडीला भेटायला गेलो. ती दोन खोल्यांत मावशीबरोबर राहते. पाय उशीवर, घोट्यापासून वर पट्टी. मोडला नाही, पण जूनमध्ये नाचता येणार नाही. मी माफी मागितली. पाठ करून गेलो होतो, तशी मागितली.

"काका, हे माझं पहिलं मोठं काम होतं," ती म्हणाली. मावशीने पाणी आणून दिलं. मी उठलो.

दारात तिने हाक मारली. मला ऐकू गेली नाही, मावशीने खांद्याला हात लावून वळवलं.

"तुमच्या जागी कोण वाजवतंय?"

"ठरायचंय. नवा माणूस घेतील."

"नव्या माणसाला पाय कुठे पडतो ते कळणार नाही. तुम्हाला कळतं." ती रागातच बोलत होती. "किक तुम्हीच वाजवा. हॅट मी वाजवते. मला त्या हॅटचा जेवढा त्रास झालाय तेवढा कुणालाच नाही, किती हवी ते मलाच कळेल. आणि तो नाच मला पाठ आहे. बसून राहिले तर वेड लागेल मला."

मी म्हटलं, ठकीला विचारावं लागेल.

"मी विचारते. तुम्ही मशीन आणा."

२८ मे, मंगळवार

ठकी हो म्हणाली. धाकटं मशीन शिडीकडे पोचवलं. माझ्या मोठ्या मशीनवरची हॅट काढूनच टाकली. आता किक, टॉम, टाळी, स्नेअर माझ्याकडे. हॅट आणि झांज तिच्याकडे. मधून एक केबल.

एक गोष्ट सांगण्यासारखी शिकवली : हॅट सगळ्या बटणांवर टाकायची नाही. जागा सोडायची. तिने भुवया उडवल्या. "हे तुम्ही मला सांगताय?"

कानामागे यंत्रं आली आहेत. बोलणं कळतं. नळाचं पाणी भयंकर आवाज करतं, आणि वर्तमानपत्राचं पान उलटताना ही मुद्दाम करते की काय असं वाटतं. वाजवताना मात्र काढून ठेवतो. त्यांतून किक डबा बडवल्यासारखी येते.

१ जून, शनिवार

तालमीत माझं आणि शिडीचं जमत नव्हतं. मला तिचं ऐकू येत नाही, तिला माझी खूण कळत नाही. दिव्याकडे बघून वाजवलं तर हिशेबी होतं. ठकीने दोनदा थांबवलं. मग तिने माझं टेबलच उचलायला लावलं आणि रंगमंचाच्या अगदी कडेला, नाचणाऱ्यांच्या समोर ठेवलं.

"मशीनकडे बघू नका. शिडीकडेही बघू नका. आमच्याकडे बघा. हॅट आमच्या अंगात दिसेल."

दिसत नव्हती. मग संध्याकाळी कधीतरी दिसली. त्यांच्या पावलांत किक आहे, ती मी रोज बघत होतो. पण मनगटं, मान, खांद्यांचे झटके, हे सगळं किकवर चालत नाही. ते दुसऱ्याच कशावर चालतं. शिडीने हॅट दुप्पट केली की मनगटं आधी बदलतात.

उडीची जागा आता ठकीने स्वतःकडे घेतली आहे. तिला शिडीइतकी उंच जमत नाही. ती म्हणाली, चालेल.

८ जून, शनिवार

कार्यक्रम झाला. थिएटर अर्ध्याहून थोडं जास्त भरलं होतं. सुरुवातीला एकाचा प्रवेश चुकला. मी टाळी एकदा नको तिथे वाजवली. मधल्या भागात पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना झोप लागली होती.

शेवटच्या भागात ठरलेलं होतं की ठकी धावायला लागली की मी किक काढायची, शिडीने एकटीने हॅट चालवायची, आणि ठकी उतरताना मी किक परत टाकायची. तालमीत हे मला नीट असं एकदाही जमलं नव्हतं.

किक काढली. माझ्यासाठी थिएटर बंद झालं. समोर सहा माणसं नाचत होती, चेहरे घामाने चमकत होते, आणि कुठूनच काही येत नव्हतं. त्यांची मनगटं जोरात चालली होती, म्हणजे शिडी काहीतरी करत होती. तालमीपेक्षा लांबवत होती. मला वाटलं, चुकली. मग बघितलं तर प्रेक्षकांतली माणसं खुर्चीत पुढे सरकून बसली होती. तिला ते दिसलं असणार, म्हणून ती सोडत नव्हती. ठकीलाही कळलं. ती धावायची थांबली नाही, तिने वाट वळवली, रंगमंचाला आणखी एक फेरी मारली. हे कुठेच ठरलेलं नव्हतं.

आता मला ठेका माहीत नव्हता. दिव्याकडे बघितलं असतं तर ठकी सुटली असती. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती वळली, धावत आली, डावा खांदा खाली गेला, आणि ती उडाली. वर असताना तिने खाली बघितलं, जमिनीकडे. मी बटण दाबलं.

किक वेळेवर पडली की नाही, मला सांगता येणार नाही. टेबल हललं. ठकी उभी होती.

९ जून, रविवार

मास्तरचा फोन आला. नीट ऐकू आला. बरा झाला कार्यक्रम म्हणाला. हॅटबद्दल बराच वेळ बोलला, त्या मुलीने काय काय केलं ते एकेक करून सांगितलं. मी ऐकून घेतलं.

ही म्हणाली, "ठकी उतरली तेव्हा मी डोळे मिटले होते."

"मग दिसलं काय तुला?"

"ऐकलं."

२ जुलै, मंगळवार

परगावचा एक कार्यक्रम मिळाला आहे. शिडीच्या पायाची पट्टी सुटली, पण ती निम्मा वेळ नाचणार आणि निम्मा वेळ हॅटवर बसणार असं तिने स्वतःच जाहीर केलं.

आज तालमीत तिने मध्येच थांबवलं, माझ्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुमची किक फार लांबते. माझ्या हॅटवर चढते. डिके कमी करा."

मी म्हटलं, किकचं मला शिकवू नकोस, तो डिके मार्चपासून तिथेच आहे. ती म्हणाली, मार्चमध्ये तुम्हाला हॅटच ऐकू येत नव्हती, तिच्यावर काय चढतंय ते कसं कळणार? मी म्हटलं, आखूड किकवर नाचायचं तर टेबलावर टिचक्या मारतो, नाचा. ती म्हणाली, मारून बघा, निदान हॅटवर तरी चढणार नाहीत. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. 'कान' हा शब्द ऐकून एक-दोघं दचकले. ती दचकली नाही. "तुमच्याच कानामागून आले," म्हणाली.

ठकीने दोन्ही प्रकारे वाजवून घेतलं आणि निकाल तिच्या बाजूने दिला. मी डिके अकरा वाजता आणला.

घरी आल्यावरही राग गेला नव्हता. हिने विचारलं, काय झालं? सगळं सांगितलं, हातवारे करून, ताट निवेपर्यंत. ती ऐकत होती आणि हसू दाबत होती. त्या पोरीचं म्हणणं बरोबर आहे असं मला अजूनही वाटत नाही. पण मला सांभाळून घेण्यासाठी ती पोरगी एक शब्द बोलली नाही. उद्या लवकर जाऊन आखूड किकवर तिची हॅट कशी बसते ते नाचणाऱ्यांच्या अंगात बघणार आहे, आणि नाही बसली तर परत भांडणार आहे.